गाव तेलगाव, वय अठ्ठावन्न

त्यांचा पहिला फोन आला तेव्हा मला नोकरी लागून जेमतेम तीन आठवडे झाले होते. "नमस्कार, आरोग्य सल्ला सेवा, मी आपली काय मदत करू शकते?" हे पाठ केलेलं वाक्य मी संपवलं आणि पलीकडून आवाज आला, "नर्सबाई, डावा गुडघा दुखतोय. इचारा काय इचारायचं ते."

हा आवाज मी त्याच दिवशी सकाळी ऐकला होता. भरलेली बादली नळाखाली तशीच ठेवून मी वर गेले म्हणून त्याच आवाजाने मला अंगणातून दोन वेळा खडसावलं होतं. ते माझे घरमालक होते.

"काका, मी..." मी म्हणाले.

"बाई, वळख काढू नका. नाव इचारा."

"नाव?"

"प्रवासी लिवा."

"गाव?"

"तेलगाव."

"वय?"

"अठ्ठावन्न."

ते बीडमध्येच राहत होते, माझ्या खोलीच्या बरोबर खाली. वय सत्तरीला टेकलं होतं. पण फोन करणारा सांगेल ते लिहायचं असा आमचा नियम, म्हणून मी लिहिलं. पडला होतात का, सूज आहे का, ताप आहे का, असं सगळं यादीप्रमाणे विचारलं. शेक घ्या, दोन दिवसांत उतरलं नाही तर दाखवा, असं सांगितलं. "आभारी आहोत," म्हणून त्यांनी फोन ठेवला.

संध्याकाळी घरी आले तर स्वारी ओट्यावर, गुडघ्यावर गरम फडकं धरून बसलेली.

"काका, गुडघ्याला काय झालं?"

त्यांनी पटकन पायजमा खाली ओढला. "कुणाच्या गुडघ्याला? तुला कुणी सांगितलं?"

"नाही, फडकं दिसलं म्हणून."

"फोनवरच्या एका हुशार नर्सबाईनं शेकायला सांगितलंय. तुमच्यासारख्या शिकाऊ पोरींनी ह्यात पडू नये."

मी जिना चढून वर गेले आणि कॉटवर बसून राहिले. या माणसाने मला ओळखलं होतं की नव्हतं? पुढे दीड वर्ष मी याच प्रश्नात घालवलं आणि खरं सांगायचं तर अजूनही त्यातून पुरती बाहेर आलेले नाही.

न ओळखायला जागा होती. फोनवर कसं बोलायचं याचं आम्हाला आठ दिवस शिक्षण दिलं होतं. मी तलवाड्याची. घरात माझं "लई", "कावून" आणि "न्हाई" असंच चालायचं. फोनवर मात्र "आपल्याला हा त्रास कधीपासून होतोय?" असं गुळगुळीत बोलायचे, तेही एका पट्टीत. माझ्या आईने एकदा गंमत म्हणून फोन केला तर तिनेही मला ओळखलं नव्हतं. "तुमच्यात एक तलवाड्याची पोरगी हाय, तिला द्या," म्हणाली होती.

आमचं काम सोपं होतं. एका संस्थेचं ऑफिस होतं, तिथे आम्ही सात-आठ नर्सा कानाला हेडफोन लावून बसायचो. समोरच्या पडद्यावर प्रश्न यायचे, उत्तरं भरत गेलं की शेवटी तीनपैकी एक ओळ उमटायची. घरीच थांबा. एक-दोन दिवसांत डॉक्टरला दाखवा. ताबडतोब दवाखान्यात जा. लोकांची दवाखान्याची विनाकारण फेरी वाचावी आणि ज्याला खरंच जायचंय त्याने उशीर करू नये, एवढाच त्या सगळ्याचा हेतू, असं आमच्या मॅडम सांगायच्या. त्यांनी दोन नियम मात्र घोटून घेतले होते. फोनवरचं फोनवरच ठेवायचं, बाहेर चकार शब्द काढायचा नाही. आणि आपल्या घरातल्या माणसाचा फोन आला तर तो दुसरीकडे द्यायचा, स्वतः घ्यायचा नाही. घेतला तर नोकरी जाणार.

भाडेकरूचा मालक हा घरातला माणूस धरायचा का? मी मॅडमना विचारायला हवं होतं. विचारलं नाही, कारण उत्तर "हो" येईल अशी भीती होती. वडिलांनी मला वर्षभराची मुदत दिली होती. वर्षभर नोकरी टिकली तर ठीक, नाहीतर तलवाड्याला परत यायचं आणि ते दाखवतील त्या मुलाशी लग्न करायचं. ऑफिसच्या कागदावर माझा पत्ताही तलवाड्याचाच होता. म्हणजे कागदोपत्री मी तलवाड्याची, ते तेलगावचे, आणि राहत होतो दोघं बीडच्या एकाच घरात.

काका जन्मभर एसटीत होते. स्टँडवरच्या काचेच्या खोलीत बसून गाड्यांची नावं पुकारायचं काम त्यांनी केलं. त्यांच्या सगळ्या तऱ्हेवाईकपणाचं मूळ त्या खोलीत होतं असं मला वाटतं. ते सांगायचे, "माणूस खिडकीत येऊन इचारायचा, अंबाजोगाई कितीला? मी त्येच्या तोंडावर सांगायचो, दहा मिनटात. पटायचं न्हाई त्येला. शेजारच्याला इचारायचा. मग त्येच मी माईकवर बोललो की पळत सुटायचा. तवापासून कळलं. समोरासमोरचं बोलणं कच्चं असतंय. आन् एकदाच सांगितलेलं तर लईच कच्चं."

म्हणून घरातली प्रत्येक गोष्ट ते दोनदा पुकारायचे, आणि तेही शुद्ध भाषेत. "आंघोळीचं पाणी तापलेलं आहे. ज्यांना जायचं असेल त्यांनी पाच मिनिटांत यावे." थोडं थांबून पुन्हा तेच. काकू बिचाऱ्या स्वयंपाकघरातून "ऐकलं ओ, ऐकलं," म्हणायच्या, पण दुसऱ्यांदा पुकारल्याशिवाय ते काही गप्प बसायचे नाहीत. आणि एक गोष्ट मात्र खरी होती. त्यांनी पुकारलं आणि तसं झालं नाही, असं मी एकदाही पाहिलं नाही. पाणी पुरतं तापलेलं नसलं तर ते स्वतः चुलीपुढे जाऊन फुंकत बसायचे. "पुकारलेली गाडी सुटलीच पायजे," म्हणायचे.

खोली दिली तीही अशीच. त्याआधी मी तीन घरं पाहिली होती. तिन्ही ठिकाणी पहिला प्रश्न आडनावाचा आला आणि आडनाव ऐकल्यावर खोली कालच दिल्याचं कळलं. काका मात्र म्हणाले, "जरा आवाज ऐकू दे. म्हण, बीड ते तलवाडा, मार्गे गेवराई." मी म्हणाले. "दोनदा." मी दोनदा म्हणाले. त्यांनी किल्ली काढून दिली. आडनाव त्यांनी कधीच विचारलं नाही, आणि मीही आपणहून सांगितलं नाही. त्यांनी ते जन्मात विचारू नये असं मला मनापासून वाटायचं.

गुडघ्यानंतर फोनचं त्यांना वेडच लागलं. आधी स्वतःसाठी करायचे, मग गल्लीसाठी. सकाळी ओट्यावर बसायचे आणि हातात फाइलची पिशवी घेऊन कोणी निघालं की अडवायचे. "कुठं निघालाव? आधी फोन." स्वतः नंबर लावून देत, आणि दुसऱ्याचं दुखणं ऐकू नये म्हणून अंगणातल्या लिंबाखाली जाऊन उभे राहत. आमच्या तीन ओळींना त्यांनी नावंही ठेवली होती. घरी थांबा म्हणजे मुक्काम. दाखवा म्हणजे उद्याची गाडी. ताबडतोब म्हणजे फलाटावरची गाडी. गल्लीतल्या बायका भाजी निवडताना एकमेकींना विचारायच्या, "तुझ्या पोराला काय निघालं? मुक्काम का?"

आमच्या कोपऱ्यावर एका डॉक्टरांचा दवाखाना होता. एकदा त्यांनी मला रस्त्यातच गाठलं. "सिस्टर, तुमच्या फोनने माझी सर्दी-खोकल्याची सगळी माणसं पळवली."

"सॉरी सर."

"अहो, सॉरी काय? जी माणसं मी दहा वर्षांत पाहिली नाहीत ती यायला लागलीत. परवा एक बाई पायाची जखम घेऊन आली, दोन वर्षं हळद लावून बांधत होती. म्हणते, फोनने उद्याची गाडी सांगितली. ही काय भानगड आहे?"

दवाखान्यातली गर्दी फोनने कमी झाली की वाढली, ते डॉक्टरांना सांगता येईना आणि मलाही. जे ऊठसूट जायचे ते घरी बसले, जे घरी बसायचे ते जायला लागले. आम्ही दोघं चांभाराच्या टपरीपाशी बराच वेळ याचा विचार करत उभे होतो. शेवटी ते म्हणाले, "बरोबरच असेल काहीतरी," आणि निघून गेले.

ऑफिसात त्याच सुमाराला मॅडमची वेगळीच कटकट सुरू झाली. एका नंबरवरून दिवसाला चार-पाच फोन यायचे आणि नर्सने "नमस्कार" म्हटलं की कट व्हायचे. कोण आहे हा माणूस, कुणाशी बोलायचंय याला, म्हणून त्या वैतागल्या होत्या. माझ्याकडे आलेला असा फोन एकदाही कट झाला नव्हता. तो नंबर कुठला हे पडद्यावर एक बटण दाबलं की दिसलं असतं. मी ते बटण कधीच दाबलं नाही.

मग ती दुपार आली. काकू आदल्या दिवशी तेलगावला भाचीच्या डोहाळेजेवणाला गेल्या होत्या. जेवणाची सुट्टी संपवून मी हेडफोन लावला आणि पहिलाच फोन आला.

"नर्सबाई, छातीवर वजन ठिवल्यावानी वाटतंय."

आवाज त्यांचाच, पण पुकारणाऱ्या माणसाचा तो आवाज नव्हता. मी विचारत गेले. घाम? आलाय. डावा हात? दुखतोय. श्वास? "बोलताना लागतोय." तिसऱ्याच उत्तराला पडद्यावर लाल ओळ उमटली.

"आपल्याला ताबडतोब दवाखान्यात जायचं आहे. मी गाडी पाठवते."

"मुक्काम न्हाई का?"

"नाही."

"उद्याची?"

"नाही. आत्ताची. पत्ता सांगा."

"तेलगाव. लिवलेलं हाय की तुमच्याकडं."

पत्ता खरोखर लिहिलेला होता. दीड वर्ष मीच लिहीत आले होते. मी पुढचं बटण दाबलं की गाडी तेलगावच्या रस्त्याला लागणार, आणि हा माणूस बीडमध्ये, सवयीप्रमाणे दाराला आतून कडी लावून, एकटा. फोन करणाऱ्याने सांगितल्याशिवाय पत्ता बदलायचा नाही, हाही आमचा नियम.

"काका," मी ओरडले, "कावून असं करताव? तुमी घरात हाव, बीडला! मी हाय काका, मी!"

आजूबाजूच्या मुली हेडफोन काढून माझ्याकडे बघायला लागल्या.

"मी कोण?" ते म्हणाले. "वळख काढू नका, बाई. लई दुखतंय. प्रश्न इचारा."

मी काय केलं ते ठरवून केलेलं नव्हतं. मी तेलगाव खोडलं, गल्लीचं नाव आणि घराची खूण टाइप केली, बटण दाबलं. मग डोळे मिटून घेतले आणि एसटी स्टँडवर लहानपणापासून ऐकत आले होते तसं बोलले. "प्रवाशांनी लक्ष द्यावे. तेलगावच्या प्रवाशांसाठी गाडी बीड येथे, राहत्या घरी येत आहे. प्रवाशांनी सावकाश दाराची कडी काढावी आणि दारापाशीच बसून राहावे."



"दोनदा सांगा," ते म्हणाले.

मी पुन्हा सांगितलं, शब्दाला शब्द. पाय ओढत चालल्याचा आवाज आला, आणि मग कडी निघाल्याचा. तो आवाज मी रोज ऐकायचे, माझी चूक होणं शक्य नव्हतं. गाडी येईपर्यंत मी फोन सोडला नाही.

ते वेळेत पोचले म्हणून वाचले, असं दवाखान्यात सांगितलं. मीही तिकडे धावले होते. काकू येईपर्यंत कागदांवर सह्या करायला कोणी नव्हतं, म्हणून मी केल्या. पूर्ण नाव लिहिलं, आडनावासकट. नातं या रकान्यात काय लिहावं ते सुचेना, शेवटी भाडेकरू लिहिलं.

सहाव्या दिवशी ते घरी आले. त्या रात्री मी समाधानाने झोपले. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ऑफिसातून आले तर काका ओट्यावर चष्मा लावून दवाखान्याची फाइल वाचत बसले होते. मी बूट काढत होते. त्यांनी फाइल मिटली, उभे राहिले आणि अंगणाकडे तोंड करून पुकारलं, "वरची खोली उद्या सकाळी रिकामी होत आहे. संबंधितांनी सामान आवरून घ्यावे."

मला वाटलं, आजारपणाने काहीतरी बडबडताहेत. पण त्यांनी थांबून पुन्हा पुकारलं. काकू स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या, त्या आत वळल्या.

"काका, माझं काय चुकलं?"

"दोनदा सांगितलंय," म्हणाले आणि आत गेले.

फाइल ओट्यावरच होती. वरच्या पानावर माझी सही होती. आडनाव ठळक दिसत होतं. मला दुसरं कारण शोधायची गरजच वाटली नाही. चौथं घर, एवढंच. फरक इतकाच की इथे कळायला दीड वर्ष लागलं. मी बॅग भरताना रडले, आणि ज्याचा जीव वाचवला त्याच्यासाठी रडतेय याचा मला स्वतःचाच राग आला. सकाळी मी ऑफिसातल्या एका मैत्रिणीच्या खोलीवर गेले.

तीन दिवसांनी मॅडमनी बोलावलं. टेबलावर त्या फोनचं रेकॉर्डिंग होतं.

"पत्ता तुला कसा कळला?"

"मी त्या गल्लीत राहत होते. आवाज ओळखला."

"त्या घरात राहतेस का?"

"नाही," मी म्हणाले. इतक्या रागाने म्हणाले की मॅडमनी मान वर करून माझ्याकडे पाहिलं. त्यांनी दुसऱ्या एका कागदावर नजर टाकली, पत्ता परस्पर बदलल्याबद्दल समज दिली आणि जायला सांगितलं. नोकरी राहिली.

आणि आठवड्याभरात फोन आला! "नर्सबाई, गोळीनं तोंड कडू पडतंय." मी दातओठ खात यादी वाचायला घेतली. गाव? तेलगाव. वय? अठ्ठावन्न. काळजाच्या दुखण्यातून उठलेला माणूस, पण वय एका दिवसाने वाढलं नव्हतं. शेवटी मला राहवलं नाही.

"खोली का काढून घेतली?"

"बाई, हा प्रश्न तुमच्या यादीत हाय का?"

"नाही."

"मग पुढचा इचारा."

असे तीन-चार महिने गेले. मी चिडायचे, आणि चार दिवस फोन आला नाही की घाबरायचे. मैत्रीण म्हणायची, "तुला नेमकं पाहिजे काय?" मला ते सांगता येत नव्हतं.

एका शनिवारी मी गावाकडे निघाले होते. स्टँडवर काकू भेटल्या, तेलगावच्या गाडीची वाट बघत बसलेल्या. मी नजर चुकवून पुढे जाणार, तेवढ्यात त्यांनीच हाताला धरून शेजारी बसवलं.

"लई राग धरलास पोरी."

"राग कशाचा काकू? माझं आडनाव कळलं, खोली गेली. सवय आहे मला."

काकू माझ्याकडे बघतच राहिल्या. "आडनाव? आगं, तुझं आडनाव पहिल्या म्हयन्यातच ठावं होतं आमाला. तुझ्या बापाची चिट्टी आलती, पाकिटावर लिवलेलं. त्येचं काय?"

"मग?"

"त्ये दवाखान्यातून आले, त्येच्या दुसऱ्या दिशी तुझ्या हापिसातली एक बाई न् एक मानूस आलतं. तू कामाला गेलतीस. इचारलं, वर कोन ऱ्हातंय? तुमच्या घरी आमची नर्स ऱ्हाती का? ऱ्हात आसंल तर घरातल्याचा फोन घेतला म्हनून तिची नोकरी जाती. ह्ये म्हनले, न्हाई. खोली रिकामी हाय. त्यांनी लिवून घेतलं न् गेले."

मॅडमच्या टेबलावरचा तो दुसरा कागद मला आठवला.

"मग काकू, तेवढं सांगून झालं होतं ना? मला घालवायचं कशाला?"

"त्येच मी म्हनलं. तर मलाच म्हनतात, जल्मात चुकीचं पुकारलं न्हाई, आता म्हातारपनी पुकारू का? रिकामी हाय म्हनलोय, रिकामी झाली पायजे."

"मला नुसतं सांगायचं तरी."

"सांगितलं असतं तर तू हापिसात जाऊन खरं बोलली असतीस. तसलीच हाईस तू. आन् म्हनाले, पोरगी घरातली ऱ्हायली न्हाई म्हंजी आता फोन करायला बी कुनाची हरकत न्हाई."

माझी गेवराईची गाडी लागली आणि सुटली. मी तिथेच बसून होते. एवढा सगळा घोळ घालून या माणसाने माझी नोकरी वाचवली होती, नियमही पाळला होता, आणि वर माझ्याच शिव्या खाल्ल्या होत्या. आणि तरीही, त्यांनी फोनवर मला कधी ओळखलं, पहिल्या दिवशी की शेवटी, हे मी काकूंना विचारलं तेव्हा त्या म्हणाल्या, "फोनवरची बाई येगळी, असंच म्हनतात त्ये मला अजून. खरं-खोटं त्येंचं त्येंनाच ठावं."

सोमवारी दुपारी त्यांचा फोन आला. गोळ्या वेळेवर, चालणं सुरू, धाप नाही. गाव तेलगाव, वय अठ्ठावन्न. मी यादी संपवली.

"आणखी काही त्रास?"

"हाय. वरच्या खोलीत पायाचा आवाज येत न्हाई. त्यानं जेवण जात न्हाई. तुमच्या यादीत कुठं बसतंय का, बगा."

मी खरंच पाहिलं. प्रश्न वर-खाली करून पाहिले. ते कुठेच बसत नव्हतं, आणि तीन ओळींपैकी एकही उमटत नव्हती.

"रविवारी येते मी," मी म्हणाले. "जेवायला."

मला वाटलं, ओळख काढली म्हणून आता फोन ठेवतील.

"दोनदा सांगा," ते म्हणाले.